फोर्टमधील एक तबकडी : ‘वंडरवॉल म्युझिक’विषयी

बीटल्स या जगद्विख्यात चौकडीतील वयाने सर्वांत धाकटा असलेल्या जॉर्ज हॅरिसनने ‘वंडरवॉल म्युझिक’ नावाची ध्वनिमुद्रिका १ नोव्हेंबर १९६८ रोजी इंग्लंडमध्ये प्रसिद्ध केली. बीटल्सपैकी कोणीही स्वतःच्या नावाने काढलेली ही पहिली एलपी आणि त्यांच्या ‘ॲपल’ कंपनीचीही ही पहिलीच एलपी. तबकडीच्या एका बाजूवर अख्खे हिरवे सफरचंद आणि दुसऱ्या बाजूवर कापलेले, ही पुढे जगभर ओळखीची झालेली खूण एलपीवर प्रथम आली ती येथेच. संग्राहक या मुद्रिकेच्या पहिल्या आवृत्तीमागे लागतात याची ही कारणे. आमचे कारण मात्र वेगळे आहे. या मुद्रिकेचा मोठा भाग आपल्या मुंबईत, फोर्टमधील सर फिरोजशहा मेहता मार्गावर युनिव्हर्सल इन्शुरन्स इमारतीतील एचएमव्हीच्या स्टुडिओत, जानेवारी १९६८मध्ये मुद्रित झाला. आणि ज्यांनी तो वाजवला त्यांच्यात चंद्रशेखर नारिंग्रेकर आणि एस. आर. केंकरे अशी, ऐकताच आपली वाटावीत अशी नावे आहेत. अंधेरी-बोरिवलीच्या वाचकाला चर्चगेटच्या गाडीने तासाभरात गाठता येईल अशा जागी हे घडले. तरी मराठीत त्यावर फारसे लिहिलेले आमच्या वाचनात आले नाही.

धर्मग्रामातील कुटुंबांसाठी निघणाऱ्या त्रैमासिकात रॉक संगीताची, तीही ‘सायकेडेलिक’ म्हणवल्या जाणाऱ्या संगीताची चर्चा कशाला, असा प्रश्न काही ज्येष्ठ वाचक विचारतील. प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल देण्याचा आमचा विचार नाही. ‘सायकेडेलिक’ हा शब्द हम्फ्री ऑस्मंड या मानसोपचारतज्ज्ञाने १९५०च्या दशकात दोन ग्रीक शब्द जोडून बनवला. ‘प्सुखे’ म्हणजे जीव, आत्मा, मन. दुसऱ्या शब्दाचा अर्थ उघड करणे, दाखवणे. सेमिनरीत नव्या कराराची ग्रीक भाषा थोडीफार घोकलेल्या आम्हांला या शब्दाची एक गंमत वाटत आली आहे. लूकच्या शुभवर्तमानात पवित्र मरिया आपल्या स्तुतिगीताच्या आरंभी ज्या ‘जिवा’चा उल्लेख करते, तो मूळ ग्रीकमध्ये हाच ‘प्सुखे’. पुढे हा शब्द एलएसडीसारख्या मादक द्रव्यांना चिकटला आणि त्यातून जे अनर्थ झाले ते सर्वांना ठाऊक आहेत. आमच्या धर्मग्रामातील पालकांना आज या विषयाची जी धास्ती वाटते तीही आम्ही पुरती जाणतो. परंतु प्रस्तुत मुद्रिकेबाबत एक कालक्रम ध्यानात घ्यावा. हॅरिसन ऑगस्ट १९६७मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या हेट-ॲशबरी भागात गेला. तेथे नशेत हरवलेली तरुण मुले पाहून त्याचे मन विटले आणि एलएसडीपासून तो दूर झाला. त्यानंतर पाचच महिन्यांनी तो मुंबईत आला. म्हणजे ‘वंडरवॉल’ला सायकेडेलिक म्हणायचे ते त्याच्या आवाजावरून आणि त्या काळावरून, ते करणारा माणूस तोवर गोळीची वाट सोडून ध्यानाच्या वाटेला लागला होता.

आता मुद्रिकेचा जन्म. जो मॅसॉट या दिग्दर्शकाने ‘वंडरवॉल’ नावाचा चित्रपट काढला. एक एकलकोंडा, पोथीनिष्ठ प्राध्यापक शेजारच्या घरातील तरुणीला भिंतीच्या भोकातून न्याहाळत राहतो, एवढेच त्याचे कथानक. प्राध्यापकाच्या भूमिकेत जॅक मॅकगौरन आणि तरुणीच्या भूमिकेत जेन बर्किन. चित्रपट १९६८च्या मे महिन्यात कान येथे दाखवला गेला. आमचे मत विचाराल तर तो विसरून जावा. दुसऱ्याच्या खासगीपणात डोकावण्याला कवित्वाचा मुलामा देण्याचा प्रयत्न त्यात आहे आणि तो जमलेला नाही. पण संवाद अगदी कमी असल्याने संगीताला मात्र पुष्कळ मोकळी जागा मिळाली. तुम्ही जे द्याल ते मी वापरीन, असे मॅसॉटने हॅरिसनला सांगितले होते. चोवीस वर्षांच्या त्या तरुणाने मग स्टॉपवॉच घेऊन चित्रपटातील प्रसंग मोजले, प्रत्येक प्रसंगाला किती मिनिटे आणि सेकंद संगीत लागेल याची टिपणे केली, आणि अर्धे काम लंडनमध्ये, अर्धे मुंबईत करायचे ठरवले.

मुंबई त्याला नवी नव्हती. सप्टेंबर १९६६मध्ये पंडित रविशंकर यांच्याकडे सतार शिकण्यासाठी तो आला होता आणि ताजमहाल हॉटेलात खोटे नाव सांगून उतरला होता. ते फार दिवस लपले नाही, आणि गर्दीमुळे गुरुशिष्यांना काश्मीर गाठावे लागले. रविशंकरांनी १९६२मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या ‘किन्नर’ या संगीतशाळेतील शंभू दास यांनीही त्याला सतारीचे धडे दिले होते. १९६८च्या मुद्रणातही हे शंभू दास होते.

त्या स्टुडिओची तेव्हाची स्थिती आजच्या वाचकाला, विशेषतः मालाड-अंधेरीच्या वातानुकूलित स्टुडिओंत भक्तिगीतांचे अल्बम मुद्रित करणाऱ्या आपल्या तरुणांना, नवलाची वाटेल. तेथे मोनो म्हणजे एकाच मार्गाचे मुद्रण होत असे. तेव्हा भारतातील ग्रामोफोन कंपनीची धुरा सांभाळणारे भास्कर मेनन यांनी दोन मार्गांचे स्टिरिओ यंत्र कोलकात्याहून आणवले. हेच मेनन पुढे अमेरिकेत कॅपिटॉलचे आणि नंतर जगभरातील ईएमआय म्युझिकचे प्रमुख झाले. ध्वनिबंदी यथातथाच होती. बाहेरच्या रस्त्यावरील वाहनांचे आवाज आत येत, आणि बारकाईने ऐकल्यास ते मुद्रिकेतही सापडतात, असे हॅरिसन स्वतः सांगत असे. आम्हांला यात दोष दिसत नाही. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या ठेवून चाललेल्या मिस्साबलीत रिक्षांचे भोंगे येतात म्हणून काही ती मिस्सा अपवित्र होत नाही.

९ जानेवारीपासून चार-पाच दिवस हे मुद्रण चालले. मैहर घराण्याचे आशिष खाँ सरोदवर, महापुरुष मिश्र तबला आणि पखवाजावर, शिवकुमार शर्मा संतूरवर, विनायक व्होरा तारशहनाईवर, हनुमान जाधव आणि शरदकुमार शहनाईवर, इंद्रनील भट्टाचार्य आणि शंभू दास सतारीवर, नारिंग्रेकर सूरबहारवर, केंकरे बासरीवर. यातील कोणीही ‘बीटलच्या साथीला आलेला’ म्हणण्याजोगा नव्हता. शर्मा आणि बासरीवादक हरिप्रसाद चौरसिया यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही गाजलेली मुद्रिका एचएमव्हीच्याच छत्राखाली थोडीच आधी घडली होती, आणि तिची कल्पना होती आपल्या जी. एन. जोशींची, भावगीताच्या पहिल्या पिढीतील गायक, पुढे मुंबईच्या एचएमव्हीतील ध्वनिमुद्रणाचे अधिकारी. वाद्यवृंदाची ही परंपरा त्या इमारतीत आधीपासून नांदत होती. हॅरिसन तयार घरात पाहुणा आला. स्टुडिओत तो काचेपलीकडे बसला, सूचना दिल्या, चाली गाऊन दाखवल्या, पण त्या मुंबईच्या दिवसांत स्वतः वाद्य हाती घेऊन पुढे आला नाही. मुद्रिकेवर त्याचे नाव लेखक, संयोजक आणि निर्माता म्हणून आहे.

आता प्रत्यक्ष श्रवणाकडे वळू. मूळ एलपीवर एकोणीस तुकडे आहेत आणि येथेच मुद्रिकेचे मोठे वैगुण्य आहे. ‘गत किरवाणी’ जेमतेम सव्वा मिनिटाची, ‘तबला अँड पखवाज’ मिनिटभराचे. राग हा मुळात वेळ मागणारा. आलापात एकेक स्वर दाराशी उभा राहतो, आत यावे की नाही याचा अदमास घेतो, मग बसतो. येथे तो दारातूनच परत जातो. चित्रपटातील प्रसंगांच्या मापाने कापलेले हे कापड आहे. त्याचा अंगरखा व्हायचा नाही. पखवाजावर मिश्रांचा हात पडतो, ऐकणारा सरसावून बसतो, तोच लंडनच्या एखाद्या पियानोचा तुकडा मध्ये येतो. ‘ड्रिलिंग अ होम’ आणि ‘काउबॉय म्युझिक’ ही तर निव्वळ विनोदी पार्श्वसंगीताची कामे. रेमो फोर या लिव्हरपूलच्या वाद्यवृंदाने ती बेताबाताने वाजवली आहेत. पडद्यावाचून ती ऐकण्याचे कारण नाही. ‘स्कीइंग’मध्ये एरिक क्लॅप्टनची गिटार आहे. तरुण वाचकांना तिचे कौतुक वाटेल. आम्हांला ती कर्कश वाटली, पण तो आमच्या कानांच्या वयाचा दोष असेल.

मात्र तीन तुकडे असे आहेत की त्यांच्यासाठी ही मुद्रिका जपून ठेवावी.

पहिला ‘क्राइंग’. व्होरांची तारशहनाई येथे अक्षरशः रडते. हे वाद्य वाचकांपैकी अनेकांनी पाहिले नसेल. इसराजसारखे तारांचे वाद्य गजाने वाजवायचे, आणि त्याचा आवाज जुन्या ग्रामोफोनला असतो तशा ध्वनिपेटीतून आणि कर्ण्यातून बाहेर पडतो. म्हणजे तबकडी वाजवणाऱ्या यंत्राचाच एक अवयव वाद्याला जोडलेला. गजाच्या एका ओढीत हुंदका, दुसऱ्या ओढीत तो आवरण्याचा प्रयत्न. येथे मिनिटभराचा तुकडा पुरतो, कारण रडणे लांबवले की त्याचे नाटक होते. शवपेटीजवळ उभे राहण्याचे काम गेली पंचवीसहून अधिक वर्षे करणाऱ्या माणसाला हा फरक कळतो.

दुसरा ‘लव्ह सीन’. आशिष खाँ यांनी एक सरोद वाजवला आणि मग स्वतःच्याच वादनावर दुसरा सरोद चढवला. अशा रीतीने मुद्रित करण्याची कल्पना हॅरिसनची. आपल्या जुगलबंदीत दोन माणसे एकमेकांना अजमावतात. येथे एकच माणूस आपल्याच प्रश्नाला उत्तर देतो. हे नावीन्य केवळ यंत्राचे आहे असे कोणी म्हणेल. पण ऐकताना यंत्राचा विसर पडतो, आणि चार मिनिटांहून अधिक मिळालेल्या वेळेत राग थोडासा का होईना, पाय पसरून बसतो. आशिष खाँ नोव्हेंबर २०२४मध्ये निवर्तले. त्यांच्या निधनानंतर ज्यांनी हॅरिसनबरोबरचे काम ओझरते उल्लेखिले, त्यांनी हा तुकडा ऐकला असता तर दोन ओळी अधिक लिहिल्या असत्या.

तिसऱ्याविषयी आमचे मन अजून दुभंगलेले आहे. तो म्हणजे मुद्रिकेचा शेवट, ‘सिंगिंग ओम्’. हार्मोनियमच्या आधारावर ओंकाराचा घोष, दोन मिनिटांहूनही कमी. त्याआधी ‘ड्रीम सीन’ नावाचा पाच मिनिटांहून लांब तुकडा आहे. त्यात भारतीय गळे, शहनाई, तोंडाने वाजवायचा बाजा, उलट फिरवलेल्या फिती, भोंगे असा सारा कल्लोळ आहे. बीटल्सच्या पांढऱ्या अल्बममधील ‘रेव्होल्यूशन ९’ या बहुचर्चित प्रयोगाच्या कित्येक महिने आधीचे हे काम, आणि आमच्या मते त्याहून माणुसकीचे. ‘ड्रीम सीन’ ऐकून मुद्रिका संपवली तर स्वप्नाच्या गोंधळात हरवलेला माणूस हाती लागतो. ‘सिंगिंग ओम्’पर्यंत गेले तर तो कुठेतरी टेकलेला दिसतो. पण त्याचे टेकणे खरे आहे काय? की पडदा पाडण्यापूर्वी लावलेली ती उदबत्ती आहे?

हा प्रश्न आम्हांला हॅरिसनपेक्षा आपल्यासाठी महत्त्वाचा वाटतो. त्याची आई लुईस ही आयरिश वंशाच्या कॅथॉलिक घरातील. जॉर्जचा स्नानसंस्कार कॅथॉलिक मंदिरात झाला होता आणि वाढत्या वयात तो दूर गेला. जानेवारी १९६८मध्ये फोर्टच्या त्या स्टुडिओत बसलेला तरुण कॅथॉलिक मुळाचा होता, आणि प्रार्थनेला शब्द शोधत तो आपल्या शहरात आला होता. त्याआधी तीन वर्षे, डिसेंबर १९६४मध्ये, तेथून पंधरा-वीस मिनिटांच्या चालीवर असलेल्या ओव्हल मैदानावर जागतिक पवित्र मिस्सा परिषद भरली होती आणि परमगुरुस्वामी सहावे पॉल मुंबईला आले होते. अन्यधर्मीयांच्या प्रतिनिधींसमोर बोलताना त्यांनी बृहदारण्यक उपनिषदातील प्रार्थनेचा आदराने उल्लेख केला होता. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज दिला होता आणि त्याच्या ११९व्या कलमात स्थानिक जनतेच्या संगीतपरंपरेला मान देण्यास सांगितले होते. एप्रिल १९६९मध्ये भारतीय उपासनेसाठी बारा रूपांतरांना रोमची मान्यता मिळाली: पादत्राणे बाहेर ठेवणे, हात जोडून नमस्कार, समई, आरती इत्यादी. म्हणजे एकीकडे एक बाप्तिस्माप्राप्त तरुण मंदिराबाहेर हार्मोनियम आणि ओंकार शोधत होता, आणि त्याच सुमारास आपण हार्मोनियम-तबला मंदिरात आणत होतो. दोघांची भेट झाली नाही, एवढेच.

या बदलांना आपल्या धर्मग्रामांत विरोधही झाला, हे वाचकांना घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकून ठाऊक असेल. आम्ही ज्या गोरेगावच्या सेमिनरीत शिकलो तिला परमगुरुस्वामी दहावे पायस यांचे नाव आहे. याच संत पोपमहोदयांनी नोव्हेंबर १९०३मध्ये चर्चमधून पियानो आणि ढोल-ताशांसारखी गोंगाटी वाद्ये हद्दपार केली होती. त्यांच्याच नावाच्या सेमिनरीतील आमच्या दिवसांत तबला मुक्तपणे वाजत असे, आणि आम्हांला त्यात विसंगती वाटली नाही. नियम प्रार्थनेचे रक्षण करण्यासाठी होता, वाद्याचा द्वेष करण्यासाठी नव्हे. विरोध करणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र आम्ही आजही निकालात काढू शकत नाही. आरतीचे तबक ओवाळले की उपासना भारतीय होते काय? शनिवारच्या सरावात शिकवलेली भूपाळीची चाल रविवारी गायली, आणि सोमवारी ती चाल कुठून आली हे कोणालाच ठाऊक नसले, तर तीही पडद्याआधीची उदबत्तीच. ‘सिंगिंग ओम्’ला जो प्रश्न विचारायचा तोच आपल्या गायनमंडळांनाही विचारावा लागेल.

आमच्यापुरते उत्तर आम्ही मुद्रिकेतच शोधले. ‘वंडरवॉल’मध्ये हॅरिसन जेथे भारतीय रंग वापरतो तेथे तो फसतो, जेथे भारतीय वादकांच्या हाती सूत्रे देऊन गप्प बसतो तेथे तो जिंकतो. ‘सिंगिंग ओम्’मध्ये दोन्ही आहे. घोष करणारे गळे प्रामाणिक आहेत, तुकड्याची लांबी मात्र पडद्याने ठरवलेली. त्याच मुंबईच्या दिवसांत त्याने ‘द इनर लाइट’ या गीताचे वाद्यमुद्रणही केले. त्यात चौरसियांची बासरी आहे, केंकऱ्यांची बासरी आहे. शब्द केंब्रिजचे संस्कृत पंडित हुआन मास्कारो यांनी सुचवलेल्या ताओ ते चिंगमधील एका अध्यायावरून घेतले. मार्च १९६८मध्ये ते ‘लेडी मॅडोना’च्या दुसऱ्या बाजूवर आले. तेथे कोणत्याही चित्रपटाचे माप नव्हते, आणि गीत तीन मिनिटांच्या आतच असूनही अपुरे वाटत नाही. दोन वर्षांनी त्याने ‘माय स्वीट लॉर्ड’मध्ये हालेलुया आणि हरे कृष्ण एकत्र गुंफले. त्या गीताविषयी धर्मगुरू म्हणून आमचे काही आक्षेप आहेत, ते येथे मांडत नाही. पण ते गाणाऱ्याची तहान खोटी होती असे म्हणायला आमची जीभ रेटत नाही.

मुद्रिकेच्या वेष्टनावर बॉब गिल यांचे चित्र आहे. मध्ये भिंत, एका बाजूला गोल टोपीचा, कडक पोशाखातील पाश्चात्त्य गृहस्थ, पलीकडे स्नान करणाऱ्या भारतीय स्त्रिया. हॅरिसनने चित्रातील भिंतीची एक वीट काढायला सांगितली, त्या बिचाऱ्या गृहस्थाला थोडी संधी मिळावी म्हणून. पूर्वेला स्नान करणाऱ्या स्त्रियांच्या रूपात पाहणे हे त्या काळच्या पाश्चात्त्य नजरेचे दारिद्र्य, आणि ते वेष्टनावर उघडे पडले आहे. आतील संगीताला असे चित्र शोभत नाही. पण वीट काढण्याची सूचना मात्र आम्हांला आवडली.

वेष्टन हाती घेतलेच आहे तर श्रेयनामावलीही वाचू. भारतीय वादकांची नावे त्यावर छापली आहेत, आणि १९६८मध्ये ही लहान गोष्ट नव्हती. बीटल्सच्या १९६६च्या ‘रिव्हॉल्व्हर’वर तबलावादक अनिल भागवत यांचे नाव आहे, पण पुढच्या वर्षीच्या ‘सार्जंट पेपर’मध्ये हॅरिसनच्याच गीतात वाजवणाऱ्या लंडनमधील भारतीय वादकांची नावे छापली गेली नाहीत, आणि ती जगापुढे यायला २०१७ साल उजाडले. पन्नास वर्षे! त्या मानाने ‘वंडरवॉल’ सभ्य आहे. तरी छापताना शर्मांचे ‘शेर्मार’ झाले, आणि चंद्रशेखर नारिंग्रेकर नुसते ‘चंद्रशेखर’ उरले. ज्याला देवगडकडचे नारिंग्रे गाव ठाऊक आहे त्याला त्या गळालेल्या आडनावात काय गेले ते सांगायला नको. आम्ही धर्मग्रामाची स्नानसंस्काराची नोंदवही भरतो. नावातील एक अक्षर चुकले तर तीस वर्षांनी पारपत्राच्या कार्यालयात माणूस अडतो. नाव नीट लिहिणे ही आमच्या दृष्टीने लेखनिकाची बाब नसून न्यायाची बाब आहे.

आणि हे परक्यांनीच केले असे नाही. हिंदी चित्रपटसंगीताच्या तबकड्या घ्या. शंकर-जयकिशनांच्या गीतांची वाद्यरचना लिहिणारे सेबॅस्टियन डिसोझा, प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन यांना शिकवणारे माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड, ट्रंपेटचा जादूगार चिक चॉकलेट... मूळ तबकड्यांवर यांची नावे शोधून दमावे लागते. गोन्साल्विसांचे नाव घरोघरी गेले ते १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’तील गाण्यामुळे, प्यारेलालांनी गुरूला दिलेली ती दक्षिणा, पण ऐकणाऱ्यांना ते विनोदी पात्राचेच नाव वाटले. ग्रेगरी बूथ आणि नरेश फर्नांडिस यांच्या पुस्तकांनी या वादकांना इंग्रजीत त्यांची जागा दिली. मराठीत ते काम राहिलेले आहे, आणि ते आपल्या त्रैमासिकाने करावे असे आमचे आग्रहाचे म्हणणे आहे. सत्तरीच्या दशकातील मुंबईच्या रॉक संगीताचेही तसेच. ॲलेक पदमसी यांच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये यहूदाची भूमिका गाणारा नंदू भेंडे हा आत्माराम भेंडे यांचा मुलगा, आणि येशूच्या भूमिकेत मधुकर चंद्र दास हा ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’ वाद्यवृंदाचा गायक. मराठी नाट्यसृष्टीच्या घरातील यहूदा! त्या प्रयोगावर स्वतंत्र लेख व्हायला हवा.

‘पोपला रॉक चालते का’ असे युवक विचारतात, म्हणून एक गोष्ट नोंदवतो. १९६६मध्ये जॉन लेननने आपण येशूपेक्षा लोकप्रिय असल्याचे उद्दाम विधान केले होते. व्हॅटिकनच्या ‘लॉसेर्व्हातोरे रोमानो’ या दैनिकाने नोव्हेंबर २००८मध्ये ते तरुणपणाची बढाई म्हणून सोडून दिले. फेब्रुवारी २०१०मध्ये त्याच दैनिकाने जपून ठेवण्याजोग्या दहा रॉक-पॉप अल्बमांची यादी अर्ध्या गमतीने दिली. तीत ‘रिव्हॉल्व्हर’ होता, म्हणजे भागवतांचे नाव असलेली मुद्रिका. आणि ओॲसिसचा १९९५चा अल्बमही होता, ज्यातील सर्वांत गाजलेल्या गीताचे नाव ‘वंडरवॉल’, आपल्या या मुद्रिकेवरून घेतलेले. खुद्द ‘वंडरवॉल म्युझिक’ यादीत नाही, आणि आमच्या मते ते योग्यच आहे. दहांत बसेल इतकी ती सलग नाही.

संग्रहाविषयी थोडेसे. पहिल्या इंग्रजी आवृत्तीचे दोन प्रकार निघाले, स्टिरिओ आणि मोनो. मोनो तेव्हा बंद पडण्याच्या वाटेवर असल्याने त्या प्रती कमी निघाल्या आणि आज त्यांना भाव आहे. हा भाव संगीताचा नाही, दुर्मिळतेचा आहे. दोन्हींची गल्लत करू नये. प्लास्टिकमध्ये सीलबंद ठेवलेली, कधीच न वाजवलेली तबकडी ही आम्हांला कधीही न उघडलेल्या बायबलसारखी वाटते, शोकेसमध्ये कितीही शोभली तरी. ज्यांना ऐकायचेच आहे त्यांनी २०१४ची आवृत्ती घ्यावी. तीत मुंबईच्या मुद्रणातील ‘ऑल्मोस्ट शंकरा’ हा पूर्वी न आलेला तुकडा आणि ‘द इनर लाइट’चे शब्दांवाचूनचे वादन जोडलेले आहे. २०१७मध्ये ती पुन्हा तबकडीवरही आली. मुंबईच्या परिसरात २०२४मध्ये तबकड्या छापण्याचा कारखानाही कित्येक वर्षांनी पुन्हा सुरू झाला, तेव्हा हा छंद केवळ परदेशी मालाचा राहिलेला नाही. र्‍हिदम हाऊस मात्र २०१६मध्ये बंद झाले; फोर्टात उतरून एका दमात स्टुडिओची इमारत आणि ते दुकान पाहण्याची सोय गेली.

जाता जाता एक विनंती. ऑर्लेम, मरोळ, मुलुंड, आय. सी. कॉलनी येथील किती घरांच्या माळ्यावर जुन्या तबकड्या पडून आहेत हे आम्ही घरांना आशीर्वाद देत फिरताना पाहतो. त्या आडव्या रचून ठेवू नयेत, वाकतात. पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात, उन्हापासून दूर, आणि पावसाळ्यात वेष्टनांना बुरशी धरते ती कोरड्या मऊ कापडाने पुसावी. भंगारवाल्याला देण्यापूर्वी श्रेयनामावली वाचावी. आणि घरातील आजोबांनी किंवा काकांनी एखाद्या तबकडीत व्हायोलिन, ट्रंपेट, सॅक्सोफोन वाजवला असेल आणि त्यांचे नाव छापलेले नसेल, तर वेष्टनाच्या आतल्या बाजूस मऊ पेन्सिलीने ते लिहून ठेवावे: पूर्ण नाव, गाव, वाद्य आणि साल.